ऐकणाऱ्या पोराला पान दाखवा : हळ्ळीखेड (बी) परिसरातली वाचनाची रीत आणि आजचे स्वयंसेवक

हुमनाबादहून बीदरकडं निघालं की वाटेत हळ्ळीखेड लागतं. गावाचं नाव जरा सुटं करून बघा. 'हळ्ळी' म्हणजे कानडीत गाव. 'खेड' म्हणजे मराठीत गाव. आणि कंसातला 'बी' म्हणजे बुजुर्ग, हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ थोरलं. धाकट्या गावाला 'के', म्हणजे खुर्द, लावायची पद्धत निजामी दप्तरात रुळली आणि आजही पाट्यांवर तशीच चालू आहे. एका नावात तीन भाषा बसल्या आहेत आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

इथल्या तीन-चार वर्षांच्या पोराचं कानही असंच तयार होतं. घरात मराठी, शेजारी दखनी, दुकानात कानडी, एखाद्या तांड्यावरचं असेल तर घरात लमाणी. हे पोर अंगणवाडीत आणि पुढं पहिलीत जातं तेव्हा त्याच्या कानात शब्दांची कमी नसते. कमी असते ती दुसऱ्याच गोष्टीची. बोललेला शब्द कागदावर उतरतो आणि कागदावरून परत तोंडात येतो, हे त्यानं जवळून कधी पाहिलेलं नसतं. या लेखात तेवढाच मुद्दा मांडायचा आहे. आपल्या भागात 'ऐकवायची' परंपरा फार जुनी आणि भक्कम आहे. पण ऐकणाऱ्या पोराला पान दाखवायचं आपल्याकडून राहून गेलं. आज जे कुणी लहान मुलांना पुस्तक वाचून दाखवायला वेळ देऊ इच्छितात, त्यांनी नवीन काही आणायचं नाही. राहून गेलेलं तेवढं पुरं करायचं आहे.

मदरसा सगळ्यांना दिसतो

बीदर जिल्ह्याचा ग्रंथवारसा म्हटलं की महमूद गवानचा मदरसा डोळ्यापुढं येतो. १४७२ साली तो उभा राहिला. तिथल्या ग्रंथालयात तीन हजार पोथ्या होत्या असं परंपरेनं सांगतात. फोटो काढायला सगळे तिथंच जातात, आणि जावंच. पण ते ज्ञान मोठ्यांचं, पंडितांचं होतं. लहान मुलांच्या कानावर पडणारं वाङ्मय कुठल्या इमारतीत नव्हतं. ते जात्याजवळ, ओसरीवर, देवळाच्या सभामंडपात होतं.

त्याचा एक जुना दाखला आपल्याच जिल्ह्यातला आहे. बसवकल्याण ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तिथं राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे, १२व्या शतकाच्या पूर्वार्धातला. राजवाड्यातल्या स्वयंपाकापासून हत्तीच्या औषधापर्यंत सगळं त्यात आहे. त्यातच महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी म्हणतात अशी नोंद येते. आणि चित्रं दाखवून गोष्ट सांगणाऱ्या चित्रकथकाचाही उल्लेख येतो. म्हणजे चित्र पुढं धरून गोष्ट सांगायची कला या मुलखाला निदान नऊशे वर्षं ठाऊक आहे. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत, चित्रकथींनी ती आजवर सांभाळली आहे.

ओवी एकट्या मराठीचीही नव्हे. १७व्या शतकात विजापूरच्या सूफींच्या परंपरेत 'चक्कीनामे' रचले गेले. बायकांनी दळता दळता म्हणायची दखनी गाणी ती. जातं तेच, दळणारीच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकणारं पोर तेच. भाषा तेवढी वेगळी.

पोथीची बैठक कशी चालायची

आता मुख्य गोष्ट, पोथीची. श्रावण लागला की गावात कुठं तरी पोथी लागायची. मराठी घरांत ती बहुधा श्रीधरांची असे : हरिविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत. हे ग्रंथ १८व्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतले. भाषा सोपी, ओघवती, आणि मोठ्यानं वाचायलाच केलेली. ज्यांच्या घरी आजोबांची पोथी अजून आहे त्यांनी ती एकदा काढून बघावी. आडवी लांबट पानं, बांधणी नाही, रुमालात गुंडाळलेली. पुढं शिळाप्रेसवर छापलेल्या पोथ्याही याच आकारात निघाल्या. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापखाना काढला, त्यानंतर हळूहळू छापील पोथी गावोगाव पोचली.

बैठकीत दोन माणसं महत्त्वाची. एक वाचणारा आणि एक अर्थ सांगणारा. कधी दोन्ही कामं एकच जण करी. वाचणारा ओवी वाची, थांबे. मग अर्थ सांगणारा ती गावच्या बोलीत उलगडे. द्रौपदीचं दुःख सांगताना शेजारच्या गावची नांदायला गेलेली लेक त्याच्या बोलण्यात येई. ऐकणारे मध्येच विचारत, हळहळत, हसत. आणि गोष्ट पुढं चालावी म्हणून 'हं' म्हणत. या हुंकाराला आपल्याकडं मान आहे. 'हुंकारा दे, न्हाई तर गोष्ट थांबली' असं आजी म्हणते ते उगीच नाही. हुंकार थांबला की सांगणाऱ्याला कळतं, ऐकणारा झोपला किंवा त्याला समजेना झालं.

कानडीतही हीच रचना आहे. तिथं तिला गमक म्हणतात. गमकी काव्य सुरात वाचतो आणि व्याख्यानकार अर्थ सांगतो. कुमारव्यासाचं भारत असंच ऐकलं जातं. आणि आपल्या हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंनी (१८१७ ते १८६५) मराठी, कानडी आणि उर्दू-हिंदीत पदं रचली, ती तिथं अजून म्हटली जातात. इथल्या ऐकणाऱ्याला भाषा बदलली म्हणून उठून जायची सवय कधीच नव्हती.

'वाचणे' या क्रियापदातच आवाज आहे. ते 'वच्' म्हणजे बोलणे या धातूवरून आलं. जुन्या माणसाला 'वाच' म्हटलं की तो मोठ्यानंच वाचतो. मनात वाचणं ही नंतरची, शाळेतून आलेली सवय.

काय राहून गेलं

एवढं सगळं असून १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद संस्थानच्या या मुलखात शंभरात दहा माणसंही साक्षर नव्हती. ऐकणारे हजारो, वाचणारे बोटावर मोजण्याइतके. हे कशामुळं, याची राजकीय कारणं आपल्याला माहीत आहेत. राज्यकारभार उर्दूत, शाळा कमी, मातृभाषेतल्या शिक्षणाला आडकाठी. म्हणूनच कलबुर्गीत १९०७ मध्ये नूतन विद्यालय निघालं, हैदराबादेत १९२२ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं, त्या घटनांचं मोल मोठं आहे.

पण एक कारण बैठकीच्या मांडणीतच होतं, ते सहसा कुणी सांगत नाही. पोथी चौरंगावर, वाचणाऱ्याच्या पुढ्यात. पोरं समोर बसलेली. त्यांना पान दिसलंच तर उलटं दिसे. हात लावायचा नाही, कारण पोथी सोवळ्यातली. सभामंडपात कुणी बसायचं आणि कुणी पायरीखाली उभं राहून ऐकायचं, हेही जातीनं ठरलेलं. बायकांना ऐकायला मोकळीक होती, वाचायला बहुतेक नव्हती. म्हणजे गोष्ट सगळ्यांची झाली, अक्षर मात्र मोजक्यांचंच राहिलं. वारशाचं कौतुक करताना हेही लिहून ठेवायला हवं. नाही तर आपण अर्धाच इतिहास सांगतो.

आज साक्षरता वाढली. २०११ च्या जनगणनेत बीदर जिल्हा सत्तर टक्क्यांच्या पुढं आणि कलबुर्गी पासष्टच्या आसपास होता. पण पोथी वाचणारी पिढी सरत चालली आहे, आणि पोरांच्या हातात आला आहे तो मोबाईल. ऐकायची सवय मोडायला आणि वाचायची सवय लागायच्या आधीच हुकायला एकच वेळ आली आहे.

शाळा अंगणात गेली त्याची गोष्ट

लहान मुलाचं शिक्षण त्याच्या दारात न्यायचं, ही कल्पना मराठी मुलखात प्रत्यक्षात आणली ती ताराबाई मोडकांनी. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करून त्यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या उभारणीत भाग घेतला. १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ. बालवाडी काढली, पण आदिवासी पाड्यांवरची पोरं काही येईनात. तेव्हा बाई आणि सामान, दोन्ही पाड्यावर नेलं. झाडाखाली, कुणाच्या अंगणात पोरं जमवली. दगड, बिया, पानं, शिंपले हीच साधनं. ती अंगणवाडी. पुढं १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अनुताईंनी ते १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत चालवलं. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. हळ्ळीखेडच्या गल्लीत कानडी पाटीवर हा शब्द दिसतो, तो तिथून आला आहे.

ताराबाईंकडून घ्यायचा धडा साधा आहे. पोर आपल्याकडं येत नसेल तर आपण त्याच्याकडं जायचं, आणि त्याच्या ओळखीच्या वस्तूंपासून सुरुवात करायची. आपल्या बाबतीत ओळखीची वस्तू म्हणजे त्याची बोली.

पान सगळ्यांना दिसलं तेव्हा

पोथीच्या बैठकीत जे राहिलं त्यावर दूरच्या एका देशात नेमका विचार झाला. न्यूझीलंडमधले शिक्षणतज्ज्ञ डॉन होल्डवे यांनी पाहिलं की काही मुलं शाळेत यायच्या आधीच वाचनाच्या वाटेवर लागलेली असतात, आणि ही मुलं म्हणजे रात्री आईबापाच्या कुशीत बसून पुस्तक ऐकणारी. कुशीत बसल्यामुळं त्यांना पान सुलटं दिसतं, बोट कुठं फिरतंय ते दिसतं. मग वर्गातल्या सगळ्याच मुलांना ही कूस कशी द्यायची? त्यांनी भलीमोठी पुस्तकं करवली, अक्षर एवढं मोठं की घोळक्यातल्या शेवटच्या पोरालाही दिसावं. १९७९ मध्ये त्यांनी हे पुस्तकरूपानं मांडलं. यालाच आपण सहवाचन म्हणू : एकच पान दोघांनी किंवा पाचांनी मिळून बघत वाचणं.

दुसरा धागा अमेरिकेतला. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या आईबापांबरोबर चार आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. सगळेच पालक पुस्तक वाचत होते. पण एका गटाला सांगितलं होतं की नुसतं वाचू नका, विचारा. पोर बोललं की त्याचंच वाक्य थोडं वाढवून परत म्हणा. महिन्याभरानं त्या गटातली मुलं बोलण्यात काही महिन्यांनी पुढं गेलेली आढळली. प्रयोग लहान होता, घरं सुशिक्षित होती, हे खरं. पण त्यात सांगितलेली युक्ती आपल्याला अनोळखी आहे का? पोर 'कावळा' म्हणालं की 'हं, काळा कावळा, भिजलाय बिचारा' असं म्हणणं, हा आपला हुंकारच की. फक्त इथं हुंकारा मोठ्यानं द्यायचा आणि गोष्ट पोरानं पुढं न्यायची.

भाषा कोणती?

आपल्याकडं हा प्रश्न आला की बैठकीत आवाज चढतात. १ नोव्हेंबर १९५६ ला जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. हुमनाबाद, भालकी, औराद, बीदर म्हैसूर राज्यात. सोयरीक दोन्हीकडं राहिली आणि शाळेची भाषा सीमेप्रमाणं बदलली. त्या जखमेवर अजून खपली नीट धरलेली नाही. पण चार वर्षांच्या पोराचा त्या भांडणाशी काय संबंध? त्याला गोष्ट कळायला हवी, एवढाच त्याचा हक्क.

आमच्या मते क्रम असा असावा. गोष्ट बोलायची ती पोराच्या घरच्या भाषेत. पान वाचायचं ते पुस्तकाच्या भाषेत. आणि दोन्हींची गाठ त्याच्यासमोर मारायची. जुन्या बैठकीत वाचणारा आणि अर्थ सांगणारा हेच तर करत होते. शाळा कानडी असेल तर कानडी पुस्तक घ्या आणि अर्थ मराठीत सांगा. शाळा मराठी असेल आणि पोर दखनी किंवा लमाणी बोलणारं असेल तर पुस्तकातल्या मराठीचा अर्थ त्याच्या बोलीत सांगा. हे वाटतं तेवढं अवघड नाही. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडच्या भाषांवर जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा १९७१ चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. तिथली मराठी, कानडी आणि उर्दू शतकानुशतकं शेजारी नांदून इतक्या जवळ आल्या की शब्द वेगळे, पण वाक्याची घडण जवळजवळ एकच, असं त्यांना आढळलं. आपल्या बाजारात उभं राहून ऐकलं तर तेच कानावर पडतं.

एक उदाहरण घेऊ. शेणाचं आणि मेणाचं घर असलेल्या कावळ्या-चिमणीची गोष्ट सगळ्यांना येते. कानडीत हीच जोडी 'कागक्का-गुब्बक्का' होते, आणि तिथं कावळाही बाईमाणूस, अक्का. मराठीत चिऊताई आणि काऊ. पोरांना हा फरक सांगितला की ती खिदळतात आणि लगेच विचारतात, मग दखनीत काय? असं विचारणारं पोर भाषेकडं लक्ष द्यायला शिकलं. वाचनाचा पाया तोच.

प्रत्यक्षात काय करायचं

ज्यांना वेळ द्यायचा आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर.

आठवड्यातला एकच वार धरा, पण तो चुकवू नका. पोरं वार विसरत नाहीत. वेळ पंधरा-वीस मिनिटं, मुलं चार ते सहा. जागा उघडी आणि सगळ्यांच्या नजरेतली : देवळाचा कट्टा, दर्ग्याचं आवार, अंगणवाडीची ओसरी, गावचा पार. अंगणवाडीच्या ताईंना आणि घरच्यांना आधी विचारा, आणि शक्यतो दोघांनी मिळून जा.

मुलांना समोर बसवू नका. शेजारी, दोन्ही बाजूंना, अर्धगोल बसवा. पुस्तक मध्ये. या एका बदलानं पान सुलटं होतं.

आधी नुसती चित्रं बघा. काय दिसतंय, कोण कुठं निघालंय, पुढं काय होईल, हे पोरांनाच सांगू द्या. मग वाचा, ओळीखाली बोट फिरवत, घाई न करता. अवघड शब्द आला की बोलीतला शब्द लगेच जोडा. 'का', 'कसं', 'तू असतास तर' असे प्रश्न विचारा, 'हा कोण?' एवढ्यावर थांबू नका. उत्तर चुकलं तरी 'हं' म्हणा.

तेच पुस्तक पुढच्या वारी पुन्हा घ्या, आणि त्याच्या पुढच्याही. आपल्याला कंटाळा येतो, पोरांना येत नाही. तिसऱ्या वेळी एखादं पोर पान उलटायच्या आधीच वाक्य म्हणून टाकतं. ते वाचन नव्हे, पाठांतर, असं म्हणून त्याला टोकू नका. पोथी म्हणणारी कितीतरी माणसं तिथूनच वाचायला शिकली.

अक्षर ओळख शेवटी, खेळासारखी. आपल्या नावातलं पहिलं अक्षर पानावर शोधायचं, एवढं पुरे. पाटी घोटून घ्यायला बसू नका; ते काम शाळेचं.

आणि पुस्तक पोरांच्या हातात द्या. मळेल, कोपरा फाटेल. सोवळ्यातली पोथी आपण पुष्कळ जपली, आता थोडी पुस्तकं वापरून फाटू देऊ.

पुस्तकं कुठली?

प्रथम बुक्स या संस्थेनं २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ काढलं. तिथं मराठी, कानडी, उर्दूसह अनेक भाषांत चित्रगोष्टी मोफत मिळतात आणि परवाना खुला असल्यामुळं छापूनही घेता येतात. एकाच गोष्टीची मराठी आणि कानडी प्रत शेजारी ठेवता येते, चित्रं तीच. आपल्या गावांना याहून सोयीचं काय? याच संस्थेचा 'एक दिवस एक गोष्ट' हा उपक्रम २०१२ पासून चालतो. ८ सप्टेंबरच्या आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनाच्या सुमारास देशभरचे स्वयंसेवक एकच पुस्तक घेऊन आपापल्या गावात मुलांना वाचून दाखवतात. सुरुवात करायला तो दिवस चांगला. फक्त तिथंच थांबू नये.

दुसरं ठिकाण ग्रामपंचायतीचं वाचनालय. नोव्हेंबर २०२० मध्ये कर्नाटकाच्या ग्रामविकास व पंचायतराज खात्यानं 'ओदुव बेळकु', म्हणजे वाचनाचा उजेड, ही मोहीम सुरू केली. ६ ते १८ वयाच्या मुलांची नोंदणी तिथं मोफत होते. काम मोलाचं आहे, पण वय बघा : सहापासून. तीन ते सहा वर्षांचं पोर अंगणवाडीत आणि पुस्तकं वाचनालयात, असा मधे एक रस्ता उरतो. तो ओलांडून चार पुस्तकं नेणारा माणूस हवा. स्वयंसेवकाचं काम इथं अक्षरशः एवढंच आहे.

तिसरी पुस्तकं आपणच करायची. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. आपल्या सीमाभागातल्या आज्यांकडं ओव्या, कोडी, अंगाई अजून आहेत. एक कोडं एका कागदावर, मोठ्या अक्षरात, खाली पोरानंच काढलेलं चित्र. असे आठ कागद शिवले की पुस्तक झालं. सांगणाऱ्या आजीला ते वाचून दाखवा. तिचे शब्द कागदावर बघून तिला काय वाटतं, ते नातवंडांनाही बघू द्या.

इतिहासप्रेमी माणसांना हे काम आपलं वाटावं, याचं कारण हेच. शिलालेखाचा ठसा घ्यायला आपण उन्हातान्हात हिंडतो. पण घरात पोथी वाचणारा शेवटचा माणूस कोण होता, अर्थ कोण सांगे, कुठल्या ओसरीवर, कुणाला बसायला जागा होती आणि कुणाला नव्हती, हे लिहून ठेवणारं कुणी नाही. पुढच्या श्रावणाआधी आपल्या गावातलं एवढं टिपून ठेवा. आणि ज्या ओसरीचं नाव सापडेल, जमलं तर त्याच ओसरीवर, चार पोरांना शेजारी घेऊन एक पुस्तक उघडा. या वेळी पान त्यांच्याकडं असू द्या.